प्लग लावण्याआधी

माळ्यावरून जुना रेडिओ खाली निघाला, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "लावून तर बघू!" फडक्याने वरची धूळ पुसली जाते, वायरीचं टोक सॉकेटपर्यंत पोचतं आणि बटण दाबलं जातं. कधी काहीच होत नाही. कधी आतून फटाक्यासारखा बारीक आवाज येतो आणि जळका वास घरभर पसरतो. किरकोळ दुखणं घेऊन चाळीस-पन्नास वर्षं निजलेलं यंत्र त्या अर्ध्या मिनिटात कायमचं जातं.

नववीत असताना आजोळचा व्हॉल्व्ह रेडिओ मी असाच घालवला. लावल्यावर तो चक्क वाजला. सगळं घर गोळा झालं. दहा मिनिटांनी आवाज फाटू लागला आणि पाठोपाठ मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून धूर आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला होता. त्याला कारण होता बोटाच्या पेराएवढा एक कागदी कंडेन्सर. पण हे मला कित्येक वर्षांनी, दुसरा तसाच रेडिओ उघडल्यावर समजलं. आजी मला काही बोलली नाही. तो रेडिओ मात्र पुन्हा बोलला नाही.

जुन्या रेडिओचं वेड लागलेली अकरावी-बारावीची, डिप्लोमाची मुलंमुली भेटतात, तेव्हा त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो : जुनं यंत्र आधी वाचायचं, मग लावायचं. हा सगळा छंद त्या एका सवयीवर उभा आहे. ती सवय कशी लावावी, हे इथे क्रमाने सांगतो.

सुरुवात कशाने करावी

पहिला रेडिओ सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर असावा. 6 किंवा 9 व्होल्टमध्ये शॉक बसत नाही, चुकलं तरी एखादा पार्ट जातो, जीव जात नाही. फिलिप्स, मर्फी, बुश, नेल्को यांचे 1960 ते 80च्या काळातले ट्रान्झिस्टर अजून घराघरांतून निघतात. दोन-तीन ट्रान्झिस्टर हातून बोलते झाले, की सेलवरच चालणारा कॅसेट प्लेअर घ्यावा. त्यात मोटर, रबरी पट्टा, हेड अशी यांत्रिक अंगंही शिकायला मिळतात.

त्यानंतर व्हॉल्व्ह रेडिओ. त्यातही आधी मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेला एसी सेट आणि बऱ्याच पुढे एसी-डीसी सेट. या दोहोंतला फरक पुढे येईलच. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही या यादीत मी मुद्दाम घेत नाही. त्याच्या ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही ते तिथे साठून राहतात. शिकवणारा माणूस शेजारी बसलेला नसेल, तर टीव्हीचं मागचं झाकण काढू नका.

कुठे शोधावं, काय पाहावं

सगळ्यात चांगला रेडिओ ओळखीच्या घरातच मिळतो. आजोबा, मावशी, जुन्या वाड्यातले शेजारी यांना विचारा. त्या रेडिओची हकीकत सोबत येते आणि हकीकतीतच बिघाडाचा माग असतो. "वाजायचा चांगला, पण तासाभराने आवाज बसायचा" हे वाक्य मीटरच्या दहा मोजमापांइतकं उपयोगी पडतं.

बाजारात जायचं तर मुंबईत चोरबाजार आहे. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली. बाजारात किंमत ठरलेली नसते, म्हणून चमकणाऱ्या पॉलिशवर भाळू नका. रेडिओ उलटा करून मागून बघा. पाहायच्या गोष्टी अशा :

- मागचा पुठ्ठा आणि सगळ्या खुंट्या जागेवर आहेत का? खुंटी जुळवणं फार कठीण असतं.
- डायलची काच शाबूत आहे का? ती फुटली असेल तर तशीच दुसरी जवळजवळ मिळत नाही.
- आत सगळे व्हॉल्व्ह आहेत का? एखाद्याच्या काचेच्या टोकाला आतून पांढरी साय दिसत असेल, तर त्यात हवा शिरली आहे, तो गेला. चंदेरी किंवा काळसर आरसा दिसत असेल, तर तो तसाच असायचा.
- सेलच्या खणात हिरवट-पांढरी बुरशी किती आहे? थोडी असेल तर चालतं. पट्टीच झडली असेल, तर गंज आत सर्किटपर्यंत गेलेला असतो.
- लाकडाला भुंगा लागला आहे का? बारीक गोल भोकं आणि खाली पिवळसर भुकटी दिसली, तर तो रेडिओ घरातल्या इतर लाकडाजवळ नेण्याआधी विचार करा.

बटणं गुळगुळीत झालेली असणं, कडेला एखादा चरा असणं, हा दोष नाही. ती त्या रेडिओच्या वापराची खूण आहे.

सुरुवातीलाच पंधरा रेडिओ जमवू नका. न उघडलेल्या रेडिओंचा ढीग झाला, की छंदाचं ओझं होतं. एक आणा, तो पुरता समजून घ्या, मग दुसरा.

जिवाची काळजी

हा भाग दोनदा वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचायला द्या.

व्हॉल्व्ह रेडिओत साधारण 200 ते 250 व्होल्टचा डीसी दाब असतो. प्लग काढल्यावरही तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतो. म्हणून प्लग काढा, थांबा, मग 2.2 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडींनी त्या कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावून तो रिकामा करा. नंतर मीटरने शून्य बघा आणि मगच बोट घाला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत बरेच जण दाखवतात. ती वापरू नका. तिने कंडेन्सरही दुखावतो आणि हातही.

आता एसी-डीसी सेट. एकेकाळी काही शहरांत घराघरांत डीसी वीज होती. त्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून दोन्ही विजांवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले सेट बनले. ते स्वस्त पडत, म्हणून पुढेही बनत राहिले. अशा सेटमध्ये विजेची एक तार थेट चेसिसला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला, की पूर्ण सांगाड्यात 230 व्होल्ट येतात. खुंटी काढली की उघडा पडणारा दांडासुद्धा त्या सांगाड्याचाच भाग असतो. म्हणून तर जुन्या खुंट्यांच्या स्क्रूची भोकं कारखान्यात मेणाने बुजवलेली असत.

हा सेट ओळखायचा कसा? आत लोखंडी पत्र्यांच्या थप्पीचा जड मेन्स ट्रान्सफॉर्मर दिसत नाही आणि व्हॉल्व्हची नावं बहुधा 'यू' अक्षराने सुरू होतात. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय टेबलावर उघडून चालू करायचा नाही. हा नियम कुठल्याही सबबीवर मोडू नका.

आणखी काही सवयी लावून घ्या. उघडा रेडिओ चालू असताना एक हात खिशात किंवा पाठीमागे, म्हणजे प्रवाह छातीतून आरपार जायला वाट राहत नाही. पायात रबरी चप्पल, अंगठी आणि कडं काढलेलं, टेबल कोरडं, घरात दुसरं माणूस जागं. घरात आरसीसीबी असेल तर उत्तम. पण रेडिओच्या आतल्या 250 व्होल्ट डीसीपासून तो वाचवत नाही, हे लक्षात ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि टेबलावर खाणं-पिणं ठेवायचं नाही. उंदरांनी घर केलेला रेडिओ उघडताना तोंडाला मास्क लावायचा.

टेबलावर काय हवं

फार काही लागत नाही. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, राळ असलेली सोल्डर वायर, सोल्डर ओढून घेणारा पंप, लांब टोकाची पक्कड, कटर, दोन-तीन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा मऊ ब्रश आणि जुने टूथब्रश. स्क्रू ठेवायला झाकणाच्या लहान डब्या. ज्या डबीत जे स्क्रू, तिच्यावर चिठ्ठी.

आणि एक वस्तू हाताने बनवा : सिरीज बोर्ड. जुन्या मेकॅनिकच्या दुकानात तो हटकून असे. एका फळीवर होल्डर आणि सॉकेट अशा रीतीने जोडायचे, की सॉकेटला जाणारी वीज होल्डरमधल्या बल्बमधून जाते. बल्ब तारेचा हवा, 60 वॅटचा. एलईडीचा चालत नाही. रेडिओत शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि रेडिओ वाचतो. सगळं ठीक असेल, तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. हा बोर्ड वायरिंग जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली बनवा. सिरीज बल्ब रेडिओला वाचवतो, तुम्हाला शॉकपासून नाही, हेही विसरू नका.

व्हॉल्व्हची बाराखडी

व्हॉल्व्हवरची नावं पहिल्यांदा गूढ वाटतात. पण युरोपीय पद्धतीच्या नावांत, जी आपल्याकडच्या बहुतेक सेटमध्ये दिसतात, पूर्ण माहिती भरलेली असते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, याच पद्धतीचे व्हॉल्व्ह देशात बनवले. ही बाराखडी एकदा पाठ केली, की बंद रेडिओ वाचता येतो.

पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचं. 'ई' म्हणजे 6.3 व्होल्टचा हीटर, बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सेट. 'यू' म्हणजे 100 मिलिअँपिअरवर एकामागे एक जोडलेले हीटर, म्हणजेच तो धोक्याचा एसी-डीसी सेट. 'डी' म्हणजे 1.4 व्होल्ट, बॅटरीवरचा सेट, वीज न पोचलेल्या गावांसाठी बनलेला.

पुढची अक्षरं आतल्या रचनेची. 'सी' ट्रायोड, 'एफ' पेंटोड, 'एल' आवाज वाढवून स्पीकरला देणारा आउटपुट पेंटोड, 'बी' दोन डायोड, 'एच' हेक्झोड किंवा हेप्टोड, 'एम' स्टेशन नीट लागल्याचं दाखवणारी हिरवी मॅजिक आय, 'वाय' आणि 'झेड' एसीचा डीसी करणारे रेक्टिफायर.

आता एखाद्या एसी सेटमधली रांग वाचून बघू : ईसीएच 81, ईबीएफ 89, ईसीसी 83, ईएल 84, ईझेड 80. पहिला व्हॉल्व्ह एरियलवरून आलेल्या लहरींत सेटमध्येच तयार केलेली दुसरी लहर मिसळतो आणि दोन्हींच्या फरकाची ठराविक लहर पुढे पाठवतो. पुष्कळ सेटमध्ये ती 455 किलोहर्ट्झ असते. मुंबईचं 558 किलोहर्ट्झचं केंद्र लावलं, की आतली लहर 1013 वर जाते आणि फरक बरोबर 455 उरतो. तुम्ही खुंटी फिरवता तेव्हा गँग कंडेन्सरची पानं एकमेकांत सरकतात आणि केंद्राची निवड आणि आतली लहर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात. दुसरा व्हॉल्व्ह ती 455ची लहर मोठी करतो आणि त्याच्यातले डायोड तिच्यातून बोलणं-गाणं सुटं काढतात. तिसरा आवाज वाढवतो, चौथा त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो आणि पाचवा या सगळ्यांना डीसी पुरवतो.

एवढं समजलं की "रेडिओ बंद आहे" हे मोघम वाक्य उरत नाही. पाच खोल्यांपैकी कुठल्या खोलीत दिवा गेला, इतकाच प्रश्न राहतो.

पहिल्यांदा वीज देण्याआधी

सेट वाचून झाला, आता हा क्रम पाळा. घाई करावीशी वाटेल तेव्हा नेमका हा क्रम पाळा.

1. फोटो काढा. वरून, खालून, बाजूंनी. डायलची दोरी कुठल्या चाकावरून, किती वेढ्यांनी, कुठल्या दिशेने जाते, हे चित्र काढून ठेवा. ती तुटल्यावर हे चित्र सोन्याच्या मोलाचं ठरतं. व्हॉल्व्ह काढण्याआधी कुठला कुठे होता, ते लिहा.

2. धूळ काढा. कोरडा ब्रश आणि हलकी हवा. गँग कंडेन्सरच्या पानांना हात लावू नका. एक पान वाकलं तर स्टेशनं पुढे-मागे होतात.

3. मेन्सची वायर बदला. जुन्या वायरीवरचं रबर हातात धरल्यावर भुकटीसारखं झडतं. नवी वायर लावताना अर्ध्या अँपिअरचा फ्यूजही घाला. सेटवर व्होल्टेज निवडायची पट्टी असेल, तर ती 230 किंवा त्याच्या वरच्या खुणेवर ठेवा. आधीच्या मालकाने ती कुठे ठेवली असेल सांगता येत नाही.

4. थंड मोजमाप घ्या. वीज न देता, मीटर ओहमवर ठेवून मुख्य इलेक्ट्रोलिटिकच्या धन टोकापासून चेसिसपर्यंत मोजा. आकडा सावकाश चढत हजारो ओहमवर गेला तर ठीक. शून्याजवळ चिकटून राहिला तर शॉर्ट आहे, वीज देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही शे ओहम दिसले पाहिजेत. 'यू'च्या सेटमध्ये सगळे हीटर मोजा. दिवाळीतल्या जुन्या माळेत एक दिवा गेला की आख्खी माळ विझते, तसंच इथे असतं.

5. कागदी कंडेन्सर बदला. मेण लावलेले, डांबरासारखं काळं काही ओघळलेले, टोकाला फुगलेले, हे सगळे वयाने गेलेले असतात. यांतला एक सगळ्यांत महत्त्वाचा : आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपलिंग कंडेन्सर. बहुधा 0.01 किंवा 0.02 मायक्रोफॅरडचा. त्याने फक्त आवाज पुढे सोडायचा आणि मागचा डीसी दाब अडवायचा. म्हातारपणी तो गळू लागतो. मग ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट प्रवाह खेचतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापून जळतो. आजोळच्या रेडिओचं हेच झालं. त्याच्या जागी 630 व्होल्टचा नवा पॉलिएस्टर कंडेन्सर आजही किरकोळ किमतीत मिळतो.

6. इलेक्ट्रोलिटिक बदला. 450 व्होल्टचे नवे घ्या आणि मायक्रोफॅरडच्या मूळ आकड्याच्या जवळपासच राहा. 32 मायक्रोफॅरडच्या जागी 33 किंवा 47 चालेल. जास्त मोठा कंडेन्सर म्हणजे चांगला, असं इथे नसतं. चालू होताना तो रेक्टिफायर व्हॉल्व्हकडून झेपणार नाही इतका प्रवाह मागतो. जुना डबा चेसिसवर दिसायला तसाच ठेवा, त्याच्या तारा मात्र सोडवा. नवे कंडेन्सर खाली बसवा.

7. मेन्सवर जोडलेला कंडेन्सर असेल, तर तिथे खास त्याच कामासाठीचाच, दोन तारांमध्ये एक्स-2 आणि तार ते चेसिस वाय-2 प्रकारचाच लावा. साधा चालत नाही.

एका वेळी एकच पार्ट बदला. जुना काढला, नवा लावला, नोंद केली, मग पुढचा. दहा एकदम काढून बसलात, तर चूक कुठे झाली ते शोधायला आठवडा जाईल.

आता सिरीज बोर्ड. 'यू'चा सेट असेल, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. रेडिओ लावा. बल्ब क्षणभर उजळेल आणि मंदावेल. व्हॉल्व्हमध्ये तांबूस ठिपका दिसू लागेल. वीस-तीस सेकंद काहीच ऐकू येणार नाही. मग स्पीकरमधून अगदी हलका श्वासासारखा आवाज येईल. तो पहिल्यांदा ऐकलेला दिवस माणूस विसरत नाही.

आवाज आला, पण...

नुसतं गुंगुं येतं आणि आवाजाच्या खुंटीने कमी-जास्त होत नाही, तर फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक बघा. खुंटी फिरवताना खरखर होते, तर व्हॉल्यूम कंट्रोलला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणं. बँड स्विचलाही हाच उपाय. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका. खुंटी फिरवल्यावर स्पीकर जिवंत वाटतो पण स्टेशन नाही, तर शेवटच्या तीन खोल्या ठीक आहेत, पहिल्या दोन बघायच्या. ठोकल्यावर वाजतो, तर कुठेतरी सोल्डरचा डाग कोरडा पडला आहे किंवा व्हॉल्व्हच्या पिना काळ्या झाल्या आहेत.

आयएफच्या, म्हणजे त्या 455च्या लहरीच्या, चौकोनी डब्यांवरचे स्क्रू मात्र फिरवू नका. "जरा फिरवून बघतो" म्हणून कितीतरी चांगले रेडिओ बहिरे झाले आहेत. आतला गाभा ठिसूळ असतो, तुटला की अडकतो. ते काम सिग्नल जनरेटर हाताशी आल्यावर.

रेडिओला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच व्हॉल्व्ह सेटना आत एरियल नसतो. मागच्या सॉकेटला पाच-सात मीटर वायर जोडून ती खिडकीशी ताणावी लागते. वळवाच्या पावसात ती काढून ठेवायची. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर प्रचंड खरखर करतात, ते बंद करून ऐका. आणि ऐका रात्री. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरात शोषल्या जातात. अंधार पडला की त्याच लहरी वरून परावर्तित होऊन दूरवर पोचतात. रेडिओ सिलोनच्या गाण्यांसाठी घराघरांत शोधला जाणारा 25 आणि 41 मीटरचा पट्टा शॉर्ट वेव्हचा. त्या लहरी याच परावर्तनाने समुद्र ओलांडून यायच्या.

आता मीडियम आणि शॉर्ट वेव्हवरची केंद्रं कमी होत चालली आहेत. म्हणून काही जण मागच्या पिकअप सॉकेटला मोबाइल जोडून गाणी ऐकतात. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला हे चालतं. एसी-डीसी सेटला मोबाइल कधीही जोडू नका. मोबाइलच्या धातूत आणि तुमच्या हातात मेन्सची वीज येऊ शकते.

ट्रान्झिस्टर सेटचे चार धडे

एक, खणातला गंज. आपल्या नेहमीच्या झिंक-कार्बन सेलचा स्राव आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगर. मग ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा.

दोन, उलटं अर्थिंग. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये बहुधा धन टोक चेसिसला असतं. सवयीने ऋण समजून कंडेन्सर लावला, तर तो उलटा बसतो. जुना जसा होता त्याच दिशेने नवा लावा.

तीन, उष्णता. जर्मेनियमला ताप सोसत नाही. एसी 128सारख्या ट्रान्झिस्टरचा पाय सोल्डर करताना त्याच पायाला वरच्या अंगाने पक्कड धरा, म्हणजे उष्णता पकडीत जाते.

चार, एएफ 114 ते 117 या मालिकेतल्या ट्रान्झिस्टरचं एक खास दुखणं. त्यांच्या धातूच्या डबीत आतून कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि पायांना चिकटून शॉर्ट करतात. डबीला जोडलेला चौथा पाय कापला, की पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. ज्याला हे माहीत नसतं, तो आख्खं सर्किट उसवतो.

रूप टिकवा, नवं करू नका

बेकेलाइटची पेटी सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून कोरडी करा, मग पॉलिश. भिजत घालू नका. लाकडाला जुनं पॉलिश शक्यतो राहू द्या. घासून नवा वार्निश मारलेला रेडिओ दुकानातल्या खेळण्यासारखा दिसतो.

डायलच्या काचेबद्दल कळकळीने सांगतो. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. स्पिरिट, थिनर, काच साफ करायचा स्प्रे यांपैकी काहीही त्या बाजूला लागलं, की ती नावं बोळ्यावर उतरतात आणि परत येत नाहीत. मागून फक्त कोरडा मऊ ब्रश, पुढून ओलसर कापड. त्या काचेवर मुंबई, दिल्ली, सिलोन, लंडन एका ओळीत असतात. एखाद्या गावातल्या ओसरीवर बसलेल्या माणसाला जग इतक्या जवळ आणून देणारा तो नकाशा आहे.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात रेडिओ कपाटात बंद ठेवू नका. महिन्यातून एक-दोनदा अर्धा तास चालवा. त्याची स्वतःची ऊब आतला दमटपणा काढते.

वही, पालक आणि पुढची वाट

प्रत्येक रेडिओसाठी वहीची चार पानं राखा. मॉडेल, कुणाकडून मिळाला, आधीची हकीकत, व्हॉल्व्हची यादी, बदललेले पार्ट, मोजलेले व्होल्टेज. सर्किटचा नकाशा मिळाला तर चिकटवा. काही सेटच्या आत कारखान्याने तो कागद लावलेला सापडतो. कधी जुनं रेडिओ लायसन्सचं पुस्तकही हाती लागतं. 1980च्या दशकापर्यंत रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. ते पुस्तक रेडिओसोबतच ठेवा.

गावातला जुना रेडिओ मेकॅनिक शोधा. दुकान बंद झालं असेल, माणूस घरी असेल. त्याच्यापुढे बसून एक दुपार घालवा. नुसत्या वासावरून आणि आवाजावरून बिघाड ओळखण्याची त्या पिढीची विद्या पुस्तकात उतरलेली नाही.

आईवडिलांना एवढंच सांगेन, की "अभ्यास सोडून भंगार काय आणतोस" किंवा "मुलीच्या हातात सोल्डरिंग कशाला" असं म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून बघा. ओहमचा नियम, कंडेन्सर, अनुनाद हे सगळं बारावीच्या पुस्तकात आहे. इथे ते हाताला लागतं. सुरक्षेचे नियम तुम्ही कडक ठेवा, बाकी त्यांच्यावर सोपवा. गोडी वाढली तर हॅम रेडिओचा सरकारी परवानाही आहे. त्याची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते.

शेवटी एक छोटं काम. आजोळच्या रेडिओनंतर कित्येक वर्षांनी मी उघडलेला तो दुसरा रेडिओ ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी होता. चेसिस बाहेर काढल्यावर पेटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली : "14-9-71, आउटपुट कंडेन्सर बदलला." खाली सही, वाचता न येणारी. त्या माणसाने बदललेला कंडेन्सर माझ्या हाती येईपर्यंत पुन्हा गळू लागला होता. तोच कंडेन्सर, जो आजोळी माझ्या लक्षात आला नव्हता. मी तो बदलला, त्या ओळीखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि मगच चेसिस परत आत सरकवली.

तुम्हीही पेन्सिलच वापरा. ती पुसता येते, पण पन्नास वर्षं टिकते. तारीख, काय बदललं, बस. पुढे कधीतरी तो रेडिओ दुसऱ्या कुणाच्या टेबलावर येईल आणि प्लगकडे हात जाण्याआधी त्याला वाचायला दोन ओळी मिळतील.